तळघरात पाणी शिरतं ते कुठून?

२२ ऑगस्ट २०२०, गणेश चतुर्थीची सकाळ. आदल्या रात्रभर पाऊस असा कोसळला होता की चोवीस तासांत इंदूरला २६० मिलिमीटरहून जास्त, म्हणजे दहा इंचांच्या वर पाणी पडलं. आपल्याकडे अख्ख्या पावसाळ्यात साधारण ३७-३८ इंच होतो, त्याचा चौथा हिस्सा एका रात्रीत. मखर काढायला मी तळघराचा जिना उतरले आणि पाचव्या पायरीवर थांबले, कारण सहावी दिसत नव्हती. सासूबाईंनी वरून विचारलं, "सापडलं का गं?" म्हटलं, "सापडलं, पण तरंगतंय."

बाप्पा त्या वर्षी साध्या चौरंगावर बसले. करोनामुळे आरतीला कुणी येणार नव्हतंच, तेवढी लाज वाचली.

पुढं मी तेच केलं जे सगळे करतात. मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, "भाभीजी, केमिकल मार देते हैं, दस साल का टेंशन खतम." मारलं. पुढच्या जुलैत भिंतीवरून त्या केमिकलचे पापुद्रे पोळीच्या पदरासारखे सुटले. दुसऱ्या वर्षी आणखी महागातलं, आणखी जाड मारलं. ते ऑगस्टपर्यंत टिकलं. मग आमचे मामेसासरे एकदा जेवायला आले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी भिंतीकडं पाहिलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "सूनबाई, पाणी कुठून येतं ते बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. दोन वर्षं पैसे घातले आणि हा प्रश्नच विचारला नव्हता. पुढचं सगळं त्या प्रश्नामुळे कळलेलं.

आधी पाण्याचा हिशेब करू, कारण आकडा समोर आला की डोकं ताळ्यावर येतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. त्या रात्री अशा एका गच्चीवर २४,००० लिटर पाणी पडलं, म्हणजे पाच हजार लिटरचे जवळजवळ पाच टँकर. आमच्या गच्चीचे दोन्ही पाइप खाली भिंतीला लागूनच मोकळे सुटलेले होते. थोडक्यात, ज्या भिंतीला आतून केमिकल फासत होतो, तिच्याच पायाशी बाहेरून आम्ही स्वतः टँकर रिकामे करत होतो.

पाण्याच्या तीन वाटा

तळघरात पाणी येण्याच्या वाटा तीनच. वरून वाहत येतं, बाजूच्या आणि खालच्या जमिनीतून झिरपतं, किंवा ड्रेनेजच्या पाइपातून उलटं येतं. तिन्हींवरचा इलाज वेगवेगळा आहे आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. बहुतेक पैसा इथंच वाया जातो.

ओळखायचं कसं? घड्याळ बघायचं. पाऊस सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पाणी आलं आणि ते गढूळ असलं, तर ते वरून येतंय. रॅम्प, जिना, उजेडासाठी ठेवलेली जाळी किंवा विजेची केबल जिथून आत घेतली ते भोक, यांतलं काहीतरी. पाऊस थांबून काही तास उलटल्यावर पाणी आलं, स्वच्छ असलं आणि भिंत जिथं फरशीला मिळते त्या सांध्यातून पाझरत राहिलं, अगदी ऊन पडल्यावरही दोन-तीन दिवस, तर ते जमिनीतलं. आणि मोरीच्या जाळीतून किंवा संडासातून बुडबुडे येत काळं, वासाचं पाणी वर आलं, तर ते तुमचं एकट्याचं नाही, सगळ्या गल्लीचं आहे.

मे महिन्यातही भिंत ओली असेल तर पावसाला दोष देऊ नका. जमिनीखालचा पाण्याचा हौद फुटला असेल नाहीतर नर्मदेच्या नळाची लाइन गळत असेल. रात्री हौदाची पातळी खुणेनं नोंदवावी, सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवावेत, सकाळी बघावं. खूण खाली गेली असेल तर चोर घरातच आहे.

आणखी एक फसवा प्रकार आहे. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा थंड भिंतीवर बसते आणि भिंतीला घाम फुटतो. दोन फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांना टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस ठेवायचा. पाणी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला जमलं तर भिंत पाझरतेय. बाहेरच्या बाजूला जमलं तर ती हवेतली ओल, तिला पंखा आणि खिडकी पुरते.

हौदात ठेवलेली बादली

आता जमिनीच्या पाण्याबद्दल. इथं जरा थांबू, कारण इंदूरच्या तळघरांची खरी गोम यात आहे.

सह्याद्री ज्या बसाल्टचा, त्याच बसाल्टच्या थरांवर माळवा बसलाय. सगळ्यात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कडक काळा दगड. मातीची जाडी कुठं दोन फूट तर कुठं दहा. ही काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात तिला पडलेल्या भेगांत हात जातो. पहिल्या पावसाचं पाणी या भेगांतून सरळ खाली मुरमात उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि ती जवळजवळ पाणी सोडेनाशी होते. मुरूम मात्र पाणी धरून ठेवतो आणि बाजूला वाहूनही देतो. त्याखालचा दगड अखंड असला तर पाणी आणखी खाली जायला तयार नसतं. 'पग-पग रोटी, डग-डग नीर' हे माळव्याचं कौतुक आपण पाहुण्यांना हौसेनं ऐकवतो. ते नीर तळघरातही येतं हे कुणी सांगत नाही.

तळघर बांधताना काय होतं बघा. माती, मुरूम, दगड फोडून मोठा खड्डा करतात. भिंत बांधायला जागा हवी म्हणून खड्डा तळघरापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन फूट मोठा. भिंती उभ्या राहिल्या की उरलेल्या फटीत काय भरतात? विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, उरलेली माती, जे हाताला लागेल ते. तो भराव भुसभुशीत असतो. म्हणजे बाहेर कडक दगडाचा हौद, त्यात ठेवलेली सिमेंटची बादली म्हणजे आपलं तळघर, आणि मधल्या फटीत सैल भराव. पाऊस पडला की त्या फटीत पाणी भरतं आणि त्याला जायला जागा नसते. आजूबाजूच्या शेतात पाणी खोल असलं तरी आपल्या भिंतीभोवती ते पाच फुटांवर असू शकतं. शेजाऱ्याची विहीर कोरडी आणि आपलं तळघर ओलं, याचं कोडं मला इथं सुटलं.

शिवाय हे शहर जुन्या विहिरी-बावड्यांचं. कित्येक बुजवल्या, कित्येक नुसत्या झाकल्या. झाकलेल्या बावडीचं काय होतं ते ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, बेलेश्वर महादेव मंदिरात ३६ जणांचे जीव गेले तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. तळघर खणण्याआधी गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारावं, इथं पूर्वी काय होतं. बुजवलेली विहीर नकाशावर नसते, पाण्याला मात्र ती आठवते.

त्या फटीतल्या पाण्याचं वजन किती? एक मीटर खोल पाणी प्रत्येक चौरस मीटरवर एक टन दाब देतं. भिंतीबाहेर दोन मीटर पाणी उभं असेल तर तळाशी दाब दोन टन प्रति चौरस मीटर, आणि भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकूण रेटा दोन टन. वीस फुटी भिंत म्हणजे बारा टनांच्या आसपास. फरशीची गोष्ट आणखी गमतीची. पाणी खालून वर ढकलतं. फरशीच्या बुडाशी पाण्याची उंची एक मीटर असेल तर वरचा रेटा एक टन, आणि आमच्या चार इंची काँक्रीटचं वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आत. ती फरशी तडकली नसती तर नवल. तळघर ही एक नाव असते. नाव बुडू नये म्हणून आपण झटतो, तळघर तरंगू नये म्हणून इंजिनिअर वजन घालतो.

आता केमिकल का सुटलं ते लक्षात येईल. आतून लावलेला थर म्हणजे दाराला बाहेरून धक्के बसत असताना आतून चिकटवलेला कागद. बाहेरून लावलेल्या थराला पाणी भिंतीवर दाबून बसवतं; आतल्याला तेच पाणी सोलून काढतं. म्हणून बांधतानाच बाहेरून काम करून घेणं हाच राजमार्ग. आपल्याकडे त्याला बॉक्स वॉटरप्रूफिंग म्हणतात: खाली आणि चारी बाजूंना खरबरीत कोटा किंवा शहाबादी फरशी, मधल्या फटीत पाणीरोधक सिमेंटचा घोळ. चांगल्या मिस्त्रीनं केलं तर पिढीभर टिकतं. बांधून झालेल्या घरात आतून काही करायचंच असेल, तर काँक्रीटच्या छिद्रांत शिरून स्फटिक तयार करणारी सिमेंटी उत्पादनं नुसत्या रंगासारख्या थरापेक्षा बरी, कारण ती पृष्ठभागावर चिकटून बसण्याच्या भरवशावर नसतात. पण तीही बारीक ओलीसाठी. धार लागलेल्या सांध्यापुढं त्यांचं काही चालत नाही.

आम्ही शेवटी काय केलं

सगळ्यात स्वस्त काम सगळ्यात आधी. गच्चीचे पाइप वाढवून पाणी भिंतीपासून लांब नेलं. घराभोवतीचा पट्टा फोडून नवा केला, उतार भिंतीकडून बाहेर, मीटरला दोन सेंटिमीटर. आधी तो नेमका उलटा होता. भिंतीलगतची माती खचली की उतार आपोआप घराकडे होतो. एवढ्यानं, माझ्या अंदाजानं, निम्मं पाणी कमी झालं.

मग लागला आमच्या पुण्यकर्माचा शोध. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा आम्ही मोठ्या अभिमानानं केला होता. कुठं? तळघराच्या भिंतीपासून चार फुटांवर. म्हणजे हौदात तोटी सोडून ठेवलेली. पाणी मुरवावं, जरूर मुरवावं, पण तळघरापासून निदान पंधरा-वीस फूट दूर आणि जमिनीच्या उताराच्या खालच्या अंगाला. मामेसासरे ते बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

रॅम्पचं दुखणं वेगळं. रस्ता दर काही वर्षांनी उंच होतो, घर आहे तिथंच राहतं. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि दाराचा उंबरा रस्त्यापेक्षा खाली गेला. रॅम्पच्या तोंडाशी सहा इंचांचा उंचवटा केला, गाडी अलगद चढेल असा, आणि रॅम्पच्या पायथ्याशी आडवी जाळीची नाली. हा उंचवटा नसेल तर बाकी काही करू नका, आधी तो करा. दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा बसवून त्यांत फळ्या सरकवायची सोय केली तर मोठ्या पावसात आणखी फूट-दीड फूट आडोसा मिळतो. आणि उघड्या रॅम्पवर पाऊस स्वतःही पडतो हे विसरायला होतं. बारा फूट रुंद, पन्नास फूट लांब रॅम्प चार इंच पावसात साडेपाच हजार लिटर पाणी गोळा करून थेट खाली पाठवतो. वर पत्रा घातला की तो प्रश्न मिटला.

एवढं करूनही मुरमातलं पाणी येतच होतं. तिथं अडवण्याचा हट्ट सोडला आणि त्याला वाट करून दिली. भिंतीच्या कडेनं आतून फूटभर रुंदीची फरशी कापली, पायाच्या बुडाखाली न जाता. (हे वाक्य पुन्हा वाचा. पायाखालचं खणलं तर पाण्यापेक्षा मोठं संकट ओढवेल. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कुदळ लावू नये.) त्या चरात भोकांचा चार इंची पाइप, त्याभोवती जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड, वर गिट्टी. पुण्याचे पाहुणे हिला खडी म्हणतात. उतार मीटरला एक सेंटिमीटर, आणि शेवटी कोपऱ्यात दोन फूट लांब-रुंद, तीन फूट खोल खड्डा. त्यात पाण्यात बुडून चालणारा पंप, फ्लोट स्विच लावलेला: पाणी वर आलं की तरंगता गोळा वर येतो आणि पंप आपोआप सुरू होतो.

पंप घेताना नुसता हॉर्सपॉवर विचारू नका. दुकानदाराला सांगा, मला इतक्या फुटांवर पाणी चढवायचंय, त्या उंचीला मिनिटाला किती लिटर देतो? तो तक्ता प्रत्येक पंपाबरोबर येतो. सहाशे चौरस फुटांत फूटभर पाणी म्हणजे सुमारे १७,००० लिटर. मिनिटाला दोनशे लिटरचा पंप ते जवळजवळ दीड तासात उपसेल, तेही आणखी पाणी येत नसेल तर. आणि वीज? पंपाची गरज जेव्हा सगळ्यात जास्त, नेमकी तेव्हाच ती जाते. आमचा दुसरा छोटा पंप इन्व्हर्टरवर आहे, आणि इन्व्हर्टर वर, जिन्याखालच्या जागेत. आधी तो तळघरात होता. काय बोलावं!

ड्रेनेजच्या उलट्या पाण्याची भानगड सरळ आहे. जोडलेल्या नळ्यांत पाणी सगळीकडे एकाच पातळीला येतं. रस्त्यावरचं चेंबर झाकणापर्यंत तुंबलं की त्याच्यापेक्षा खाली असलेल्या प्रत्येक भोकातून पाणी बाहेर येणार, आणि तळघरातला संडास सगळ्यात खाली. तिथं बोळा कोंबून उपयोग नाही. बाहेरच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, बसवावा लागतो, आणि मृग लागायच्या आधी दर वर्षी उघडून साफ करावा लागतो, कारण त्याच्या झडपेत एक चिंधी अडकली तरी ती मिटत नाही. झडप मिटलेली असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही. तेवढा वेळ वरच्या मजल्यावर अंघोळी थांबवा. सगळ्यात बरं म्हणजे तळघरात संडास न करणं. आणि गच्चीचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला असेल तर तो काढा. गल्लीतल्या प्रत्येक घरानं तो जोडलाय म्हणून तर चेंबर तुंबतं.

पाणी भरलंच तर

खाली उतरू नका. मखरासाठी नाही, गाडीसाठी नाही, कशासाठीच नाही. पाण्याखाली विजेचं बटण असेल तर आख्खं पाणी जिवंत असू शकतं. मुख्य स्विच तळघरातच असेल तर वीज कंपनीला फोन करून बाहेरून पुरवठा तोडायला सांगा. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरात कोचिंगच्या तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी गेले. इंदूरमध्ये कोचिंग क्लासेसनी भरलेल्या भंवरकुआंच्या रस्त्यानं जाताना मला हमखास ते आठवतं. मीटरभर रुंद दारामागं दोन फूट पाणी साचलं की दारावर १८० किलोंचा रेटा येतो. धडधाकट माणसालाही ते पाण्याच्या दिशेनं ढकलता येत नाही. म्हणून माणसं बसतील-झोपतील असं काही तळघरात ठेवूच नये, आणि दुसरा जिना असावाच.

लिफ्ट असेल तर वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. बुडालेली गाडी चालू करून बघू नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आतले दांडे वाकतात. जनरेटर किंवा डिझेलचा पंप तळघरात चालवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो.

आणि पाऊस थांबला की लगेच सगळं उपसायची घाई नको. बाहेरच्या फटीत पाणी अजून उभं असतं. आतलं पाणी त्याच्या रेट्याला तोलून धरत असतं. ते एकदम काढलं तर भिंत आत येऊ शकते. फूटभर काढा, भिंतीवर खडूनं खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर बाहेर अजून भरलंय, आणखी एक दिवस वाट बघा. आलं नसेल तर पुढचे दोन-तीन फूट काढा आणि पुन्हा थांबा. आम्ही २०२० साली भाड्याचा मोठा पंप लावून चार तासांत तळघर कोरडं केलं होतं. भिंत उभी राहिली हे नशीब.

नंतर गाळ काढून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवून, खिडक्या उघड्या टाकून पंखे लावायचे. भिंतीवर पांढरा लोणा उमटेल, तो कोरड्या ब्रशनं झाडावा. धुतला तर पुन्हा आत जातो. रंगाची घाई दिवाळीसाठीसुद्धा करू नये. तोच प्लॅस्टिकचा तुकडा पुन्हा चिकटवून बघायचा, कोरडा निघाला तर रंगारी बोलवायचा.

आमच्या तळघराचा ईशान्येचा कोपरा अजून प्रत्येक श्रावणात थोडा ओलावतो. तिथं मी काही ठेवत नाही. मखर आता माळ्यावर असतं.